स्पर्धेत नव्याने उतरणाऱ्या मुलीस
तू नुकतीच स्पर्धात्मक खेळात उतरली आहेस, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: तुझ्या कामगिरीची नोंद होण्यापूर्वीच तुझे केस, वर्ण आणि चालण्याची ढब यांवर बोलले जाईल, आणि खांदे भरले की ‘मुलासारखी दिसते’ हा शेराही ठरलेलाच. तो ऐकून सरावातील वजने कमी करू नकोस. मी एक अख्खा हंगाम तसे केले आणि ताकद तेवढी गमावली.

हा दृष्टिकोन प्रेक्षकांपुरता राहत नाही, तो नियमांतही शिरतो. २०२१ च्या युरोपीय बीच हँडबॉल स्पर्धेत नॉर्वेच्या महिला संघाने बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून त्याला १,५०० युरोंचा दंड झाला, पुरुषांना मात्र शॉर्ट्सची मुभा होतीच. त्यावर जगभरातून टीका झाली आणि त्याच वर्षी नियम बदलला गेला. तेव्हा गणवेशाची नियमावली स्वतः वाच आणि काही खटकले, तर ते एकटीने नव्हे, संघाच्या वतीने लेखी मांड.

नटावेसे वाटले तर खुशाल नट. त्यातही कमीपणा नाही. मुलाखतीत दिसण्याविषयी विचारले, तर उत्तर खेळाविषयीच दे.