खर्चाची वही घेतेस तर जमेची बाजू आधी बघ

प्रिय बाय,

तुझा व्हॉट्सॲप वाचला. पुढच्या विधानसभेला उभा राहणाऱ्या तुमच्या माणसाच्या खर्चाची वही तुझ्याकडे देणार म्हणतात, तू बीकॉम असल्यामुळे सगळ्यांना वाटतंय की हे तुलाच जमेल. जमेल गं, बेरीज-वजाबाकीच आहे. पण तू जे विचारलंस, "काका, नियमात बसवलं की झालं ना?", त्याचं उत्तर एका ओळीत देता येईना, म्हणून हे लांबलचक लिहितोय, चहा घेऊनच बस.

नियम आधी उरकतो कारण ते सोपे आहेत. आपल्याकडे गोव्यात विधानसभेच्या उमेदवाराला २८ लाखांची मर्यादा, २०२२च्या जानेवारीत वाढवलेली. मोठ्या राज्यांत ४० लाख. लोकसभेला गोव्यात ७५ लाख. नॉमिनेशन भरल्यापासून निकाल लागेपर्यंतचा खर्च मोजतात आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा, नाही दिला तर तीन वर्षं निवडणूक लढवायला बंदी येऊ शकते. वहीत तीन रंगांची पानं असतात, पांढरी रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. तिकडे निवडणूक आयोगाचीही एक समांतर वही चालू असते, शॅडो रजिस्टर, त्यांची माणसं सभेचं शूटिंग करतात, खुर्च्या मोजतात (खरंच मोजतात), आणि प्रचारात किमान तीनदा तुझी वही त्यांच्या वहीशी ताडून बघतात. थाळी, चहा, मंडप, जीप, स्पीकर, सगळ्याचे रेट ठरलेले असतात, तू दहा रुपयांची थाळी लिहिलीस तर कोण मानणार नाही.

आता मुद्द्याचं. फोंड्यात लोकांचे टॅक्सचे कागद करता करता निवडणुकीच्या वह्याही बऱ्याच नजरेखालून गेल्या, सगळ्या पक्षांच्या, अपक्षांच्यासुद्धा. त्यात एक गोष्ट दरवेळी तीच दिसली. सगळ्यांचं लक्ष खर्चाच्या बाजूला. पोस्टर किती, गाड्या किती, मर्यादेच्या आत बसतंय का. जमेच्या बाजूला, म्हणजे पैसे कुठून आले तिथे, कोण बघत नाही. तिथे "स्वतःचे" म्हणून एक आकडा, "पक्षाकडून" म्हणून एक आकडा, खाली दोन-चार नावं, संपलं. आणि माणूस बांधला जातो तो जमेच्याच बाजूने. पोस्टरवाल्याचं बिल दिलं की तो परत तोंड दाखवत नाही, पण ज्याने पैसे दिले तो निकालानंतर आठ दिवसांत फोन करतो आणि मग पाच वर्षं करतच राहतो.

खर्चाच्या आकड्याचं नाटक सगळ्यांना माहीतच आहे. गोपीनाथ मुंडे २०१३ साली मुंबईत एका कार्यक्रमात बोलून गेले होते की २००९च्या लोकसभेला माझे आठ कोटी खर्च झाले, तेव्हा मर्यादा २५ लाखांची होती. आयोगाची नोटीस आली, मग खुलासा झाला, प्रकरण मिटलं. लोक हसले, पण आश्चर्य कोणालाच वाटलं नाही, आणि मला वाईट त्याचं वाटतं.

गोव्यात तर हे जास्त बोचतं कारण आपले मतदारसंघ एवढेसे. तीसेक हजार मतदार, त्याहून कमीच धर. २८ लाख म्हणजे माणशी शंभर रुपये झाले, हे काय कमी नाही, एवढ्यात घरोघर दोनदा जाऊन येता येतं. आणि २०२२चे निकाल आठव, सांतआंद्रेत ७६ मतांनी लागला, फोंड्यात ७७ मतांनी, प्रियोळात २१३. म्हणजे एका वाड्यावरची पंधरा-वीस घरं इकडची तिकडे झाली की आमदार बदलतो! एवढ्या बारीक फरकावर पाकिटं वाटणारा आणि न वाटणारा समोरासमोर उभे राहतात तेव्हा न वाटणाऱ्यावर काय अन्याय होतो ते तू विचार कर, तो बिचारा कोर्टात तरी काय नेणार. पाकीट देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे हे घेणाऱ्याला कोण सांगत नाही, सांगितलं तर मत जाईल ना.

बरं, कायद्याला एक मोठं भोक आहे ते तुला माहीत पाहिजे. नॉमिनेशनच्या आधीचं काही मोजत नाहीत. त्यामुळे वर्षभर आधीपासून क्रिकेटची टूर्नामेंट, भजनी मंडळाला हार्मोनियम, चतुर्थीला सामानाची पिशवी, बस भरून शिर्डी, कुणाच्या बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातल्या औषधांचं बिल. सगळं "समाजकार्य". यातलं काही खरंच मनापासून असतं हेही सांगतो, मी सगळ्यांना चोर म्हणणारा माणूस नव्हे. पण पैसे कोणाचे हा प्रश्न तिथेही असतोच, म्हणून आयोगाची वही मिळायची वाट बघू नकोस, साधी शंभर पानी वही आजच घे आणि आजपासून लिही, कोणी दिले, किती, कशासाठी. कायदा मागत नाही तरी लिही. शिवाय आधी छापून ठेवलेली पोस्टरं आणि टोप्या प्रचारात वापरल्या की त्या हिशोबात धरतात, तेव्हा ही वही तशीही कामाला येणार.

फुकट मिळालेल्या वस्तूंवर नजर ठेव. मामाची जीप, मित्राचा हॉल, केटरर म्हणतो "ही जेवणं माझ्याकडून". घरच्या माणसाला वाटतं यात कसला हिशोब. पण फुकट गाडी ही देणगीच आहे, ठरलेल्या रेटने लिहायची आणि समोर मालकाचं नाव लिहायचं. नाव लिहितो म्हटलं की अर्ध्या गाड्या आपोआप परत जातात, बघ तू. ज्याला नाव नको त्याला दुसरं काहीतरी हवंय असं समजायला हरकत नाही. एका माणसाकडून दहा हजारांवर रोख घ्यायची नाही, आणि बिलापोटी एका माणसाला किंवा दुकानाला दहा हजारांवर द्यायचे असतील तर चेकने किंवा ऑनलाइन.

आणि एक खास आपल्या गोव्याचं. इंग्लंडात स्विंडनला, लंडनला आपल्या गावची पोरं आहेत, पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेली. ती प्रेमाने म्हणतात, भाई उभा राहतोय, आम्ही काढून पाठवतो. घ्यायचे नाहीत. पासपोर्ट बदलला म्हणजे तो परदेशी नागरिक झाला, आणि उमेदवाराला परदेशी पैसा घ्यायला एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याने बंदी आहे. भारतीय पासपोर्टवर दुबईत कमावणाऱ्याने आपल्या पगारातून दिले तर चालतं, उमेदवाराच्या सख्ख्या नातेवाईकांचे नियम वेगळे आहेत, पण गावचा दोस्त हा नातेवाईक होत नाही. हे समजावताना वाईट दिसतं, गावात बोलणी खावी लागतात, तरी समजाव.

"एवढंसं राहिलं तर काय होतंय" म्हणणारे तुला ढीगभर भेटतील. त्यांना उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांचं सांग. २००७च्या निवडणुकीत पेपरात पैसे देऊन छापलेल्या बातम्यांचा खर्च दाखवला नव्हता, रक्कम काही हजारांची, आणि २०११ साली आयोगाने त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. आपल्याकडेही पेपरात "पॅकेज" चालतं असं लोक बोलतात, तुझ्याकडे कोण आला तर बिल माग आणि जाहिरात म्हणून लिही.

पक्षाच्या पातळीवर तर विचारूच नको. उमेदवाराला मर्यादा, पक्षाला नाही. त्यात २०१८पासून इलेक्टोरल बाँड होते, स्टेट बँकेतून घ्यायचे आणि देणाऱ्याचं नाव मतदाराला कळायचं नाही, सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ला ते घटनाबाह्य ठरवले. कारण तेच, जमेची बाजू झाकलेली. कोणी दिले ते कळल्याशिवाय मतदार ठरवणार कसं.

आता समज तुमचा माणूस निवडून आला, पर्वरीला विधानसभेत गेला. तुला तो पीए करणार आणि एलएक्यू, म्हणजे विधानसभेत विचारायचे प्रश्न, लिहायला बसवणार हे नक्की. वहीचं काम तिथे संपत नाही. प्रश्नासाठी पैसे घ्यायची गोष्ट जुनी आहे, १९५१मध्ये मुदगल नावाच्या खासदारांचं प्रकरण झालं, मुंबईच्या सराफ असोसिएशनचं काम संसदेत केल्याचं, त्यांनी शेवटी राजीनामा दिला. २००५च्या डिसेंबरात तर अकरा खासदारांना एकाच दिवशी घरी पाठवलं, कॅमेऱ्यावर प्रश्नासाठी नोटा घेताना सापडलेले. मार्च २०२४मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी सांगून टाकलं की सभागृहातल्या मतासाठी किंवा भाषणासाठी लाच घेतली तर आमदारकीचं संरक्षण मिळणार नाही, १९९८चा उलटा निकाल रद्द केला. चांगलं झालं.

पण बाय, आपल्याकडे विकतात तो न विचारलेला प्रश्न. डोंगर कापला, भातशेतीचं सेटलमेंट म्हणजे बांधकामाची जमीन झाली, टीसीपीची (नगरनियोजन खात्याची) फाइल सरकली, आणि त्या मतदारसंघाचा आमदार पूर्ण अधिवेशनभर रस्त्यावरचे खड्डे आणि वीज याच्यावरच बोलतो. न विचारलेल्या प्रश्नाचा कॅमेरा कुठे लावणार. हे पकडू शकणारं माणूस एकच, ज्याच्याकडे देणगीदारांची यादी आहे, म्हणजे तू. प्रश्नांचा मसुदा करताना ती यादी बाजूला ठेव आणि बघ की कुठल्या नावापाशी आल्यावर आपला हात थांबतोय. राज्यसभेत सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांचं एक रजिस्टर असतं, कुठल्या कंपनीत डायरेक्टर, कुठे सल्लागार वगैरे लिहून द्यावं लागतं. तुमच्या माणसाने आपणहून तसं एक पान लिहून लोकांसमोर ठेवलं तर कोण अडवणार नाही, विरोधक चार दिवस हसतील एवढंच.

फुटाफुटीबद्दलही तू विचारलंस. २०२२च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीपुढे, बांबोळीच्या खुरसापुढे (क्रॉसपुढे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथा घेतल्या होत्या की पक्ष सोडणार नाही. निवडून आले अकरा, सप्टेंबरात आठ भाजपात गेले. देवालाच अडचणीत टाकलं म्हणायचं. दोनतृतीयांश किंवा त्याहून जास्त असले की कायदा त्याला विलीनीकरण म्हणतो, २००३पर्यंत एकतृतीयांशालाही सूट होती. कोणी पैसे घेतले असं मी म्हणत नाही, पुरावा नसताना म्हणू नये. पण सरळ हिशोब बघ, स्वतःची जमीन गहाण ठेवून किंवा दुसऱ्याचे कोटी घेऊन जो आत गेलाय त्याला विरोधात पाच वर्षं बसणं परवडणारं नाही. शपथेपेक्षा त्याची जमेची बाजू आधी बघितली असती तर कोण टिकणार ते कळलं असतं.

मधू लिमये आमच्या पिढीला माहीत, तुमच्या नाही. १९५५च्या सत्याग्रहात आपल्याकडे आले, पोर्तुगीजांच्या तुरुंगात दीडेक वर्ष काढलं. पुढे आणीबाणीत लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं केली तेव्हा तुरुंगात असतानाच त्यांनी राजीनामा दिला, लोकांनी मला पाच वर्षांसाठी पाठवलं होतं म्हणून. असा माणूस आज मिळेल असं मी म्हणत नाही, पण तो कोणाचं देणं लागत नव्हता एवढं लक्षात घे.

तुझ्या माणसाला हे सगळं आधीच सांग, तिकीट मिळायच्या आधी, नंतर कोण ऐकत नाही. "हे लिहू नको" असं एकदा म्हणाला तर समजावून बघ, दुसऱ्यांदा म्हणाला तर वही परत कर आणि लेखी दे की अमुक तारखेनंतर मी हे काम बघत नाही. खर्चासाठी वेगळा एजंट नेमता येतो, तुझी नेमणूक पत्राने करून घे, तोंडी नको.

निवडणुकीचं बँक अकाउंट नॉमिनेशनच्या निदान एक दिवस आधी उघडलेलं पाहिजे, शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस, बँकेत तेव्हा सगळ्याच उमेदवारांची गर्दी असते आणि आपल्याकडच्या शाखांत दुपारी एकनंतर काय होतं ते तुला माहीतच आहे. चेकबुक त्याच दिवशी मागून घे. आणि त्या शंभर पानी वहीचं पहिलं पान लिहिलंस की फोटो पाठव, जमेच्या रकान्यात नाव आणि पत्ता दोन्ही घेतलंयस का ते बघतो.

तुझा,
काका