सिस्टरला विचारा: सायन्स नाही, तरी बाळंतपणं करायचीत

प्रश्न: मी बारावी कला शाखेतून 58 टक्क्यांनी पास झाले. माझी आजी गावात सुईण होती. मलाही तेच काम करायचंय, पण नर्स होऊन. एएनएम, म्हणजे सहायक नर्सचा कोर्स करू, की जीएनएम, म्हणजे पूर्ण नर्सचा? काका म्हणतात, सायन्स नाही तर विसर.
– एक वाचक, अक्कलकुवा

उत्तर: काकांचं अर्धंच खरं आहे, बाळ. बीएस्सी नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं. जीएनएमला कला शाखा चालते. बारावीला इंग्रजी आणि निदान 40 टक्के हवेत. एएनएम दोन वर्षांचं, त्यावर उपकेंद्रात लसीकरण, गरोदर बायांच्या नोंदी, गृहभेटी. काम मोलाचंच. पण तुझा जीव लेबर रूममध्ये आहे, तेव्हा तीन वर्षं काढ आणि जीएनएम कर. पुढे अनुभव घेऊन मिडवाइफरीचा, म्हणजे बाळंतपणाच्या कामाचा, 18 महिन्यांचा खास कोर्सही करता येतो.

कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, ते बघशीलच. त्याहून महत्त्वाचं विचार: तुमच्या मुली बाळंतपणं कुठे करतात, आणि तिथे महिन्याला किती होतात? माझ्याकडे एकदा शेवटच्या वर्षाची मुलगी आली. केसबुक, म्हणजे केलेल्या बाळंतपणांची वही, भरलेलं, अक्षर सुरेख. बाळाचं डोकं दिसायला लागलं तशी ती दोन पावलं मागे सरकली. सगळ्या केसेस मैत्रिणीच्या वहीतून उतरवलेल्या! तिला काय रागवायचं? त्या कॉलेजनं तिला लेबर रूम दाखवलीच नव्हती.

मला पहिला महिनाभर सीनियर सिस्टरनी हातमोजे घालू दिले नाहीत. स्टूल ओढायचं, बाईच्या पोटावर हात ठेवायचा आणि घड्याळाकडे बघत कळा मोजायच्या. दहा मिनिटांत किती, प्रत्येक किती सेकंद. पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते नोंदवायच्या तक्त्यावर, 20 सेकंदांच्या आतली कळ टिंबांनी, 40 पर्यंतची तिरक्या रेघांनी, त्यावरची चौकट पूर्ण काळी. फार कंटाळा यायचा. पण पोट कधी दगडासारखं होतं आणि कधी नुसतंच ताणलंय, हे हाताला तिथेच कळलं.

आजीशी मात्र तुझं एका बाबतीत वाजणार. तिच्या वेळी वार पडायची वाट बघत बसायचे. तुला शिकवतील की बाळ बाहेर आलं, पोटात दुसरं नाही याची खात्री केली, की मिनिटाच्या आत आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनची, म्हणजे गर्भाशय आवळणाऱ्या औषधाची, 10 युनिटं, अंगावरून जास्त जाऊ नये म्हणून. ती म्हणेल, आमच्या वेळी कुठे होती सुई? म्हणू दे. तू सुई दे.