ओसरीवरून दिसणारी रानफुलं

पाऊस उघडझाप करायला लागला की या सदराकडे येणारी पत्रं डोंगराची वाट धरतात. यंदा त्यातली बरीचशी सह्याद्रीत छोटंसं घर असलेल्या, शनिवार-रविवार तिथे मुक्कामाला जाणाऱ्या कुटुंबांची आहेत. त्यातली काही इथे घेते, आधी पत्र आणि त्याखाली माझं उत्तर.

नमस्कार ताई. दिरांनी आणि आम्ही मिळून एका सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठाराच्या, कडेला दोन खोल्यांचं घर बांधलंय. पावसाळ्यात जमेल तसे सगळे जातो. गेल्या सप्टेंबरात मुद्दाम कासलाही जाऊन आलो. फुलं सुंदरच होती, पण मुलं तासाभरात कंटाळली. फुलांची नावं पाठ करून घेतली तर गोडी लागेल का?

नावांची घाई करू नका. कास पाहिलंत हे चांगलंच झालं. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशात गेल्या, त्यांत कास आहे, आणि सडा फुललेला म्हणजे काय हे एकदा डोळ्यांनी पाहायलाच हवं. पण तिथे वेळ बांधलेली, माणसं पुष्कळ, आणि वाट सोडून बसायची सोय नाही. सोय नसणं योग्यच आहे, कारण जांभ्यावरचा मातीचा थर इतका पातळ असतो की चार पावलांनीही तो उखडतो. तुमच्याजवळ मात्र तिथे न मिळणारी गोष्ट आहे. तीच जागा तुम्हाला पुन्हा पुन्हा पाहता येते. मला विचाराल तर हजार फुलं एकदा पाहण्यापेक्षा एक फूल दिवसभर पाहावं, आणि एक जागा मोसमभर.

सुरुवात घराच्या पायरीपासून करा. मोरीचं पाणी जातं तिथे केना असणारच. निळं, नखाएवढं फूल. मुलांना सकाळी उठल्या उठल्या त्याच्यासमोर बसवा. वर दोन निळ्या पाकळ्या कानांसारख्या उभ्या, तिसरी खाली, जेमतेम दिसणारी. मधोमध पिवळेधमक ठिपके दिसतात ते परागकोश वाटतात, पण ते केवळ देखाव्याचे. त्यांच्यात पराग जवळजवळ नसतातच. खरे परागकोश खाली, लांब दांड्यांवर, फिकट रंगाचे, सहसा लक्षातही न येणारे. माशी पिवळ्याच्या मोहाने उतरते आणि पोटाला खालचे पराग लावून घेऊन जाते. हे एकदा दिसलं की मुलं हलत नाहीत, हा माझा वर्गातला अनुभव. मग त्यांना दुपारी परत पाठवा. तोवर फूल मिटून, विरघळल्यासारखं ओलं झालेलं असतं. केन्याचं फूल अर्ध्या दिवसाचंच.

दुसरं काम, अंगणाच्या कडेची हातभर जागा दोरी टाकून आखून घ्या. जितक्या वेळा जाल तितक्या वेळा तिथे काय आहे ते एका वहीत लिहायचं. मुलांनी चित्र काढायचं, मोठ्यांनी तारीख आणि पावसाचा एक शब्द. वही त्या घरातच राहू द्या, शहरात नेलीत की हरवते. जूनमध्ये तिथे नुसतं शेवाळं असेल, ऑगस्टात गेंदाची पांढरी बटणं, सप्टेंबरात तेरडा किंवा सोनकी. पुढच्या वर्षी त्याच तारखेला ताडून पाहाल तेव्हा पाऊस लांबला की फुलं किती लांबतात हे तुमचं तुम्हालाच कळेल.

आणि दहापट मोठं दाखवणारं एक भिंग घ्या. मुलांच्या हातात प्रथम सोनकी द्या, म्हणजे न तोडता तिच्यासमोर मुलांना वाकवा. आपण जिला एक फूल म्हणतो तो लहान लहान फुलांचा मेळा असतो. कडेची प्रत्येक पिवळी पट्टी हे एक फूल, आणि मधल्या गोलातली प्रत्येक बारीक नळी हेही एक फूल. नळ्या सगळ्या एकदम उमलत नाहीत. बाहेरच्या आधी, मग आतल्या. नळीतून आधी पराग वर ढकलले जातात, नंतर त्याच नळीतून कुक्षी डोकावते आणि दोन टोकांनी बाहेर वळते. शनिवारी सकाळी उमललेलं वर्तुळ कुठवर आलंय ते वहीत काढा. रविवारी निघण्याआधी पुन्हा पाहा. ते आत सरकलेलं असेल. नावं त्यानंतर मुलंच विचारतील.

मी सहावीत आहे. बाबा म्हणतात सीतेची आसवं किडे खातात. ती इतकी नाजूक जांभळी फुलं आहेत. तोंड तर कुठेच नाही. बाबा खरं सांगतात का?

अगदी खरं सांगतात. तू तोंड फुलात शोधलंस, ते असतं खाली, ओल्या मातीत. या झाडाला खरी मुळंच नसतात. दोऱ्यासारखे धागे असतात आणि त्यांवर टाचणीच्या डोक्याहूनही लहान फुगे. फुगा आपल्यातलं पाणी बाहेर टाकून चपटा होऊन बसतो. त्याच्या दाराशी बारीक केस असतात. मातीतल्या पाण्यात पोहणारा सूक्ष्म जीव त्या केसांना लागला की दार आत उघडतं आणि पाण्याबरोबर तो जीव आत ओढला जातो. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास घडतं, म्हणून डोळ्यांना दिसणं शक्य नाही.

असं का? सड्यावर माती थोडी आणि पाऊस बदाबदा. झाडांना लागणारा नायट्रोजन वाहून जातो. मग हे झाड तो किड्यांच्या शरीरातून मिळवतं. फुलाला मात्र किडे जिवंत हवेत, परागीभवनासाठी, म्हणून फूल वर आणि सापळा खाली.

फुगे पाहायला झाड उपटू नकोस. त्याऐवजी त्याच जागी दवबिंदू नावाचं झाड शोध. तांबूस, जमिनीला टेकलेलं किंवा बोटभर उभं झाड, पानांवर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. दुपारच्या उन्हातही ते थेंब सुकत नाहीत, ही त्याची खूण. चिकटलेलं चिलट असेल तर त्याच्याकडे केस कसे वाकलेत ते भिंगातून बघ, आणि तासाभराने परत बघ. तू काय पाहिलंस ते मला नक्की लिही.

नातीने ओंजळभर रानफुलं आणून देवापुढे ठेवली. सून म्हणाली, तोडू नको. पोरगी हिरमुसली. कोण बरोबर?

सूनबाईंचं म्हणणं मला पटतं, पण नातीचं मन मोडायची गरज नाही. वर्षायू, म्हणजे एका वर्षातच आयुष्य संपणाऱ्या, झाडांना पुढच्या वर्षी उगवायला बी हाच एक मार्ग. सोनकी, तेरडा, गेंद, सगळ्यांचं तेच. फूल गेलं की बी गेलं. तिला तेरड्याच्या झाडाशी न्या. देठाजवळ फुगलेली, हिरवी, लवदार बोंडं असतील. त्यातलं टच्च भरलेलं एक बोटांत हलकेच दाबू द्या. बोंड तडकून कडा गुंडाळतात आणि बी दूर उडतं. देवापुढे गळून पडलेल्या पाकळ्या ठेवल्या तरी चालतील, आणि त्या शोधायला तिला जास्त वेळ लागेल, तेही बरंच.

एका झाडाबाबत मात्र मी कडक आहे. कळलावी, म्हणजे अग्निशिखा. पिवळ्या-लाल उलट्या वळलेल्या पाकळ्या, पानांच्या टोकांना वेलाचे आकडे. देखणी आहे, म्हणूनच मुलं धावतात. तिच्यात कोल्चिसिन हे जहाल विष असतं, आणि कंदात तर भरपूर. लांबून दाखवा, नाव शिकवा, तोंडात काही गेलं असं वाटलं तर लक्षणांची वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.

घराच्या मागे कंदीलपुष्प सापडलं! कुंडीत आणून लावलं तर जगेल का?

आणू नका, मनापासून विनंती. आपल्याकडच्या कंदीलपुष्पाच्या बऱ्याच जाती या डोंगरांखेरीज जगात कुठे नाहीत, आणि काही फार थोड्या उरल्यात. तुमच्या घरामागे ती आहे म्हणजे तिला हवी ती माती, उतार आणि बारक्या माश्या तिथे आहेत. माश्या वासाने ओढल्या जातात, नळीत शिरतात, आणि आतले खाली झुकलेले केस त्यांना परत फिरू देत नाहीत. काही काळाने केस कोमेजतात आणि माशी पराग घेऊन सुटते, दुसऱ्या फुलात पुन्हा अडकायला. कुंडीत या माश्या कुठून आणणार? फोटो काढा, पण ठिकाण सांगत सुटू नका. गवत कापणाऱ्याला मात्र तेवढी जागा आवर्जून दाखवून ठेवा.

अंगण उजाड दिसतं. हिरवळ लावून कडेने कॉसमॉस पेरायचा विचार आहे.

कॉसमॉस नको. तो मेक्सिकोकडचा, बी भरमसाट, आणि अंगणात थांबत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर पिवळा-केशरी कॉसमॉस कसा पसरलाय ते पाहा. घाणेरी आणि रानमोडीने हेच केलंय. हिरवळही नको. पायवाटेपुरतं गवत कापा, बाकी अंगण ऑक्टोबरअखेरपर्यंत कापू नका. सड्याचं बी वाऱ्यावर, पाण्यावर तुमच्या दारात येतंच असतं, आपण विळा चालवून ते घालवतो. गवत वाढलं की साप येतील ही भीती रास्त आहे. म्हणून दारापासूनची वाट रुंद ठेवा, अंधारात बॅटरीशिवाय पाय टाकू नका, आणि दगड उलटवू नका. फुरसं दगडाखालीच बसतं.

माझं वय झालं, गुडघे चालू देत नाहीत. मुलं-नातवंडं सड्यावर जातात, मी ओसरीवर बसून असतो. माझ्यासाठी काही?

काका, रात्र तुमची. ओसरीतल्या दिव्याजवळ पांढरी चादर टांगायला सांगा. पतंग येऊन बसतील, त्यांत लांब सोंडेचे, भुंग्यासारखे घोंघावणारेही असतील. लांब नळीची पांढरी फुलं दिवसा कुणासाठी नसतात, ती अशा पतंगांसाठी असतात. अंधारात पांढरा रंग दिसतो, वास पोचतो, आणि सोंड नळीच्या तळापर्यंत जाते. चादरीवर आलेल्यांची नोंद तुम्ही ठेवा. अर्ध्या तासाने दिवा मालवा, त्यांना त्यांच्या कामाला जाऊ द्या. पहिल्या रात्रीनंतर नातवंडं सड्यावरून लवकर परततील.

आमच्याकडे गेल्या वर्षी कारवी फुलली होती. आता सगळी काडी-काडी वाळून गेलीय. तोडून सरपण करू?

एक पाऊस थांबा. ही कारवी साधारण सात-आठ वर्षांत एकदा, सगळी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. बी त्या वाळक्या बोंडांतच असतं. पहिल्या पावसात बोंडं भिजतात, तडतडून फुटतात आणि बी उडतं. आता काड्या तोडल्यात तर पुढची कारवी चुलीत जाईल. पाऊस पडून गेल्यावर खुशाल न्या, आणि फुलल्याचं वर्ष घराच्या तुळईवर लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुणाकुणाला सुट्टी काढायची ते त्यावरून ठरेल.