खेकडा मेला की कात टाकली?

प्रश्न : माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत दोन हर्मिट खेकडे (रिकाम्या शंखात घर करणारे) आहेत. काल एक शंखाबाहेर पडलेला दिसला, पाय-नांग्या सगळं शाबूत. मेला असेल का? उन्हाळ्यात पाणी भराभर आटतं, मी मिठाचं पाणी घालून भरतो. चालेल ना?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी उचलून बघा. हलकं, पोकळ लागलं आणि वास नसेल तर ती नुसती कात आहे. मेलेला खेकडा काही तासांतच असा घाण मारतो की विचारायची गरज उरत नाही. माझी पहिली कात मी तुळशीच्या कुंडीत पुरली होती. संध्याकाळी 'मयत' दगडावर शेवाळ खरवडत बसलेलं! घरचे अजून हसतात.

पाण्याचं मात्र चुकतंय. आटतं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं. वरून पुन्हा खारं घातलंत की खारटपणा चढत जातो. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तर रोज साधं आरओचं पाणी घाला. बोअरचं जड पाणी नको. विशिष्ट गुरुत्व (पाणी किती खारं ते सांगणारा आकडा) १.०२३ ते १.०२५ ठेवा, तापमान २४ ते २७ अंश. मे महिन्यात त्यासाठी टाकीवर छोटा पंखा लावावाच लागतो, मग पाणी आणखी आटतं. इलाज नाही.

थोडे मोठे, मोकळे शंख टाकीत ठेवा, नाहीतर घरासाठी ते जिवंत गोगलगायींवर उठतात. माशांसाठीचं तांब्याचं औषध या टाकीत थेंबभरही नको.