पीएचडीमुळे नाही दुखत, बाळ

प्रश्न : डॉक्टर मावशी, मी २८ वर्षांची आहे, वनस्पतिशास्त्रात पीएचडी करतेय. काम सड्यांवरच्या (कातळाच्या पठारांवरच्या) फुलझाडांवर, म्हणजे सगळं फील्डवर्क पावसाळ्यात. पाळीचे पहिले दोन दिवस उलट्या होईपर्यंत दुखतं, शौचाला बसतानाही कळ येते. गेल्या ऑगस्टमध्ये मी जीपच्या मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन पडले होते आणि माझ्या नोंदी ज्युनिअरनं घेतल्या. सर म्हणाले, "दर महिन्याला असं असेल तर फील्डचा विषय घेतलास कशाला?" सोनोग्राफी नॉर्मल आली. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नकोस, लग्न झालं की थांबेल. त्या दिवसांत पोट इतकं फुगतं की जीन्सचं बटण लागत नाही. त्यावरून आत्या म्हणते, अशानं स्थळ कसं यायचं! आईला वाटतं, हे सगळं अभ्यासामुळे. खरंच तसं आहे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही गं, तसं अजिबात नाही.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : पाळीत शौचाला बसताना येणारी कळ. हे ऐकल्यावर स्त्रीरोगतज्ज्ञाच्या मनात एन्डोमेट्रिओसिसची शंका यायलाच हवी. यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर रुजतात, बीजकोशावर, आतड्याशी, गर्भाशयाच्या मागे, आणि पाळीच्या हार्मोन्सबरोबर तिथे दाह होतो. साधारण दहा बायकांत एकीला हा आजार असतो. पोट फुगणं त्यातलंच. चरबी चार दिवसांत चढत-उतरत नाही, हे आत्याला सांग.

सोनोग्राफी पोटावरून केली असणार. केसपेपरवर 'अविवाहित' लिहिलं की आपल्याकडे योनीमार्गातून सोनोग्राफीचा विषयही कोणी काढत नाही. पोटावरून केलेल्या तपासणीत गर्भाशयामागचे चट्टे सहसा दिसत नाहीत. डॉक्टरांनी तुला एकटीला, खासगीत, हा पर्याय समजावून सांगायला हवा. हो की नाही ते तू ठरवायचं. नको वाटलं तर एमआरआय आहे. तोही स्वच्छ आला तरी लक्षणांवरून औषध सुरू करता येतं.

आता त्या 'लग्न झालं की थांबेल'बद्दल. १९४० च्या दशकात बॉस्टनचे स्त्रीरोगतज्ज्ञ जो मीग्ज यांनी मांडलं, की उशिरा लग्न आणि उशिरा मूल यामुळे हा आजार वाढतो. पुढे त्याला 'करिअर करणाऱ्या बाईचा आजार' असंच नाव पडलं. त्यांच्याकडे येणाऱ्या पैसेवाल्या गोऱ्या बायकांचं निदान होत होतं, एवढंच. काळ्या बायकांना तेच दुखणं असलं तर ओटीपोटातला जंतुसंसर्ग म्हणून शिक्का बसायचा. शिकागोचे डॉ. डोनाल्ड चॅटमन यांनी १९७६ मध्ये ते दाखवून दिलं.

आपल्याकडेही शिकलेल्या मुलीला 'टेन्शन' मिळतं आणि ऊसतोडीला जाणारीला 'पिशवी काढून टाक'. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीनं ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. दोघींनाही कोणी बसवून विचारलं नाही, की बाई, नक्की कुठे आणि कधी दुखतं?

मीही विचारलं नव्हतं. शिकाऊ डॉक्टर असताना बी.एड. करणारी एक मुलगी माझ्याकडे तीनदा आली. तिसऱ्यांदा तिनं बाकावर बसताना एका हातानं टेबलाची कड घट्ट धरली होती, बोटं पांढरी पडली होती. मी वेदनाशामक लिहून दिलं आणि म्हटलं, परीक्षा संपली की बरं वाटेल. ती पुन्हा आली नाही. ती बोटं मला अजून दिसतात.

तू असं कर. दोन पाळ्यांची वही ठेव : तारीख, दुखण्याला दहापैकी किती, शौचाला-लघवीला त्रास, कोणतं काम बुडालं. ती घेऊन एन्डोमेट्रिओसिसची शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या डॉक्टरांकडे जा. वेदनाशामक तुला चालतं का विचारून कळ चढण्याआधीच घ्यायचं. प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनच्या गोळ्यांनी अनेकींना आराम पडतो, काहींना दुर्बिणीतून शस्त्रक्रिया लागते. लग्न हा उपचार नाही, मूल हाही नाही.

सरांशी तोंडी बोलू नकोस, लेखी दे. निदानाचा कागद जोडून फील्डच्या तारखा पुढे-मागे करायची आणि सोबतीला एक माणूस देण्याची विनंती कर. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीच्या मुदतीत महिलांना दोन वर्षं जादा मिळू शकतात. विषय मात्र बदलू नकोस. सड्यावर काय फुलतं ते मोजायला तू निघालीस, ते काम तुझंच आहे.

आणि आईवर रागावू नकोस. हा आजार बऱ्याचदा रक्ताच्या नात्यात दिसतो. तिला हे पान वाचायला दे, आणि मग विचार, की तुझ्या वयाची असताना तिचं किती दुखायचं. तिलाही बहुधा कोणी विचारलेलं नसेल.