वाचकांचे प्रश्न : पोळ्याची फिल्म आणि अडखळणारे बैल

प्रश्न : अनरियल इंजिन 5 या थ्री-डी सॉफ्टवेअरमध्ये पोळ्यावर तीन मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म करतो आहे. कॉम्प्युटरला 16 जीबी रॅम, 6 जीबीचं ग्राफिक्स कार्ड. सीन प्ले करून स्क्रीन रेकॉर्ड केली, तर चित्र अडखळतं, आवाज मागे पडतो. प्रत्येक शॉट सुरू होताच बैलांच्या झुली फडफडतात. त्यात लाइन कधी जाईल याचा नेम नाही. काय करावं?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : स्क्रीन रेकॉर्डिंग आधी बंद करा. कार्डाला सेकंदाला 24 चित्रं झेपली नाहीत, की इंजिन मधली गाळतं. आवाज मात्र आपल्या गतीने पुढे जातो. फिल्म मूव्ही रेंडर क्यूमधूनच (एकेक चित्र सावकाश तयार करून सेव्ह करणारी अनरियलमधली सोय) काढा. तिथे एका फ्रेमला, म्हणजे एका चित्राला, दहा सेकंद लागले तरी एकही फ्रेम गळत नाही. तीन मिनिटांच्या 4320 फ्रेम होतात. दहा सेकंदांच्या हिशेबाने बारा तास. तेवढा वेळ द्याच. सीक्वेन्सर (शॉट मांडायची वेळपट्टी) नवीन असताना सेकंदाला 30 फ्रेमवर असतो, तो सुरुवातीलाच 24 वर आणा.

झुलीचं कारण वेगळं आहे. पहिल्या फ्रेमला बैल मूळ उभ्या पोझमधून एकदम चालण्याच्या पोझमध्ये येतो. अंगाखालून बैल सरकला, कापड मागेच राहिलं, म्हणून झटका बसतो. शॉट सुरू होण्याआधी 24 फ्रेम बैलाला चालवा आणि सीक्वेन्सरमधला कॅमेरा कटचा (कोणता कॅमेरा कधी दिसेल, त्याचा) पट्टाही तेवढाच डावीकडे ओढा. प्लेबॅकची सुरुवात हलवू नका. मग रेंडर क्यूच्या अँटी-एलियासिंग (कडा गुळगुळीत करणाऱ्या) सेटिंगमध्ये कॅमेरा कट वॉर्म-अपसाठी, म्हणजे शॉटआधीच्या तयारीसाठी, वापरण्याचा पर्याय चालू करा. त्या 24 फ्रेम सेव्ह होत नाहीत, पण तेवढ्यात झूल अंगावर नीट बसते. तिथेच टेम्पोरल सॅम्पल (एका फ्रेमसाठी किती चित्रं एकत्र करायची तो आकडा) 8 ठेवले, तर शिंगांच्या कडा स्वच्छ येतात.

वावरातली पऱ्हाटी सुटी-सुटी ठेवली असेल, तर ती फोलिएज टूलने (एकच झाड अनेक ठिकाणी उमटवणारं साधन) पुन्हा लावा, म्हणजे कार्डावरचा भार कमी होतो. मागच्या ओळींतली झाडं कमी पॉलिगॉनची (आकार घडवणाऱ्या कमी तुकड्यांची) चालतात, पानांचं हलणं मटेरियलमधूनच (पृष्ठभागाच्या सेटिंगमधून) करा. 6 जीबीच्या कार्डावर 4के टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायचं मोठं, बारकाव्यांचं चित्र) फक्त जवळून दिसणाऱ्या बैलाच्या तोंडाला द्या, बाकीच्यांना 1के पुरतं. मेमरी संपली की रेंडर अर्ध्यात बंद पडतो.

लाइनसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थेट व्हिडिओ फाइल काढू नका, पीएनजी चित्रमालिका काढा. व्हिडिओ अर्धवट राहिला तर बहुधा सगळाच वाया जातो. पीएनजीत फार तर शेवटची फ्रेम बिघडते. ती डिलीट करा आणि आउटपुट सेटिंगमध्ये कस्टम प्लेबॅक रेंजला तोच फ्रेम नंबर देऊन तिथून पुढे रेंडर लावा. पुन्हा सुरू करताना झुलीला वॉर्म-अप मिळावा म्हणून शॉट लहान ठेवलेले बरे. झूल जवळून दिसते तो शॉट तर पहिल्यापासूनच काढा. फुल एचडी फ्रेम साधारण 3 एमबीची धरली, तर 13 जीबी जागा लागेल.

पीएनजीत आवाज नसतो. तो दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडा, पण पहिली क्लिप आणण्याआधी टाइमलाइन सेकंदाला 24 फ्रेमवर ठेवा, नंतर ती बदलू देत नाही.