ती चालेल तेव्हा चालेल, आधी तिच्या पप्पांना तिच्याबरोबर एकटं राहू दे

"मावशी, मी बेळगावात शहापूरला राहते. लेक पुढच्या महिन्यात वर्षाची होईल. अजून एकटी उभी राहत नाही, धरून धरून कपाटापासनं दिवाणापर्यंत जाते. जाऊबाईंचा मुलगा दहाव्या महिन्यात चालला होता, त्यामुळं रोज कोणीतरी विचारतंय, 'अजून चालत नाही काय गं?' आठव्या महिन्यात मी तापानं आजारी पडले आणि माझं दूध गेलं, ते मनातनं जात नाही. मला सातवा लागला होता तेव्हा सासरे वारले, म्हणून बारसं घरातच उरकलं. आता सासूबाईंना वाढदिवस कार्यालयात करायचाय, तीनशे माणसांचा. मिस्टर उद्यमबागला मशीन शॉपमध्ये, शिफ्ट ड्युटी. चांगले आहेत, पण लेक रडली की माझ्याकडंच आणून देतात. मी ज्या पतसंस्थेत होते ती म्हणते, वाढदिवस झाला की हजर व्हा. रात्री सगळे झोपले की मोबाइलवर तिचे जुने व्हिडिओ बघून रडते. सगळे म्हणतात, किती आनंदाचे दिवस! मग मला असं का होतंय?"

तिचं चालणं आधी उरकून टाकू, कारण त्यात काळजीचं काही दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतली निरोगी मुलं महिनोन्‌महिने बघितली आणि कोणती गोष्ट मुलं कधी करतात याच्या मर्यादा २००६ मध्ये जाहीर केल्या. आधाराशिवाय चालायला मुलं साधारण ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान लागतात. एकटं उभं राहायला काहींना जवळजवळ १७ महिने लागतात. त्या मुलांतली शंभरात चारेक तर गुडघ्यावर रांगलीच नाहीत, तशीच उठून चालायला लागली. म्हणजे जाऊबाईंचा मुलगाही वेळेवर आणि तुझी लेकही वेळेवर. कपाटापासनं दिवाणापर्यंत जाणारी पोर चालण्याच्याच वाटेवर आहे. विचारणाऱ्यांना "चालते की, धरून" एवढंच सांग आणि विषय भाजीवर ने.

डॉक्टरांकडं कधी जायचं तेही सांगते. वर्षाची होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, धरूनही उभी राहत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, 'बाबा-दादा' असले आवाज काढत नसेल, एकच हात वापरत असेल किंवा काल येत असलेली गोष्ट आज विसरली असेल, तर थांबू नको. दीड वर्षापर्यंत चालली नाही तरीही दाखव. आणि वाढदिवसाला कोणी चाकाचा वॉकर आणला तर तो माळ्यावर टाक. त्यानं मूल लवकर चालत नाही, उलट पायऱ्यांवरनं गडगडण्याचे प्रकार होतात. कॅनडानं २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं. गोकाकची लाकडी फळं कोणी दिली तर ती मात्र सध्या कपाटात वर राहू देत. दिसायला हुबेहूब, म्हणून या वयात ती तोंडातच जाणार.

दुधाबद्दल: आठ महिने पाजलंस. दोन वर्षं आणि पुढंही पाजावं असं सांगतात हे खरं, पण तापानं फणफणलेल्या आईचं दूध गेलं त्यात तिचा गुन्हा काय? लेक जेवतेय, वजन घेतेय. हा विषय मी इथंच बंद करते, तूही कर.

आता तुझा खरा प्रश्न. पत्र मी दोनदा वाचलं. लेकीचं, जाऊबाईंचं, सासूबाईंचं, पतसंस्थेचं सगळं आलं आणि तुझ्याबद्दल एकच वाक्य, रडते म्हणून. तिचं तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाचं सरकारी दवाखान्यातलं कार्ड, काढून बघ. त्यावर वजन आहे, लसी आहेत, नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस आहे. त्या दिवशी रात्रभर अंग तापलेल्या पोरीला मांडीवर घेऊन कोण बसलं होतं, ते कोणत्या कार्डावर नसतं. तिची नखं पहिल्यांदा कापताना तुझे हात थरथरले असतील. आता ती झोपेत असताना अंधारातसुद्धा कापत असशील. भुकेचं रडणं आणि झोपेचं रडणं भिंतीपलीकडनं ओळखत असशील. ती दिवाणावरनं पहिल्यांदा पडली तेव्हा तू तिच्याहून जास्त रडली असशील, आणि नंतर कधीतरी "काही नाही, उठ" म्हणून मोकळी झाली असशील. या तुझ्या पायऱ्या. त्या चढलीस कधी, हे घरात कोणी विचारलं नाही, कारण बाळाची आई सगळं आपोआप शिकून येते अशी आपल्याकडं समजूत आहे. वर्ष संपत आलं की हिशेब मांडावासा वाटतो आणि तो बघायला कोणी नसतो. रडू येतं त्यातलं बरंचसं याचं आहे, असं मला वाटतं.

'बरंचसं' म्हणाले, 'सगळं' नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या महिन्यातच येतं असं काही नाही, वर्षभरात कधीही डोकं वर काढतं. लेक झोपलेली असूनही तुला झोप लागत नाही, जेवणाची चव गेली, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या, आपण या पोरीला पुरे पडत नाही असं दिवसभर घोकत राहतेस, असं दोन आठवडे चाललं असेल तर डॉक्टरांना भेट. स्वतःला किंवा तिला काही करावं असा विचार एकदाही आला असेल, तर आजच घरात कोणाला तरी सांग आणि डॉक्टरांकडं जा. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा नंबर. २०२२ पासून आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो. ताप आला की गोळी घेतो तेवढंच समज यात.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. तुझ्या घरात एकाचा टप्पा पार राहून गेलाय, तुझ्या मिस्टरांचा. "चांगले आहेत, पण लेक रडली की माझ्याकडंच आणून देतात." अकरा महिन्यांत ते आणि लेक, दोघंच, घरात किती वेळ राहिलेत? पत्रावरनं वाटतं, जवळजवळ नाहीच. ती रडते, ते उचलतात, अर्ध्या मिनिटात तू हात पुढं करतेस. तिसऱ्या मिनिटाला ती त्यांच्या खांद्यावर शांत झाली असती. तिथंवर ते कधी पोचलेच नाहीत. यात त्यांचा आळस आहे, सासूबाईंचं "पुरुषमाणसाला काय कळतंय" आहे, आणि थोडं तुझंही आहे. त्यांनी झबलं उलटं घातलं की तू हसतेस किंवा चिडतेस, आणि पुढच्या वेळी स्वतःच घालतेस. मशीनवर मायक्रॉनचा फरक पकडणाऱ्या माणसाला झबल्याची पुढची बाजू सापडणार नाही, असं मला कोणी सांगू नये.

त्यांच्या पुढच्या साप्ताहिक सुट्टीला तू घरात नसायचं. सकाळची गाडी पकडून निपाणीला, कोल्हापूरला, मैत्रिणीकडं, कुठंही जा, आणि संध्याकाळी ये. आणि सासूबाईंनाही त्या दिवशी बाहेर काढायचं, हे जास्त महत्त्वाचं. त्या घरात असल्या तर दहाव्या मिनिटाला पोर त्यांच्या कडेवर असेल आणि मिस्टर मोबाइलवर. बहिणीकडं, भजनाला, कपिलेश्वराला, जिथं त्यांचं मन लागेल तिथं. आदल्या दिवशी मिस्टरांना एकदाच सगळं दाखव: मऊ भात-वरण कसं कुस्करायचं, नाचणीची पेज किती पातळ, दुपारची झोप किती वाजता, लंगोट कुठं. डबे भरून, चिठ्ठ्या चिकटवून ठेवू नको. त्यांना शोधू दे. तू फोन करायचा नाही. त्यांनी करायचा तो ताप, मार किंवा घशात काही अडकलं तरच, "कुठला फ्रॉक घालू?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही.

परत येशील तेव्हा घर उलटंपालटं असेल. पेज फरशीवर, लेक कालच्याच फ्रॉकात, दुपारची झोप चार वाजता. एक शब्द बोलू नको. मनात हजार आले तरी. विचार फक्त एवढंच: "आज काय काय केलं तिनं?" आणि बस ऐकत. अकरा महिने हे तू सांगत आलीस आणि ते "हं हं" करत आले. यावेळी त्यांच्याकडं सांगायला असेल. ते रात्रीचे व्हिडिओही एकटीनं बघणं बंद कर. जेवणानंतर दोघांनी मिळून बघा आणि प्रत्येकामागचं सांग: हा काढला त्या दिवशी तू सेकंड शिफ्टला होतास, ही दुपारभर रडली होती, मी स्वयंपाकघरात उभ्यानं जेवले होते. तक्रार म्हणून सांगू नको, पण सांग. आणि त्या सगळ्या व्हिडिओंत तू किती आहेस तेही बघ. मोबाइल तुझ्याच हातात, म्हणून तुझा फक्त आवाज असणार. आता थोडे दिवस मोबाइल त्यांच्या हातात दे.

असे तीन-चार दिवस झाले की नोकरीचा प्रश्न अर्धा सुटतो. तुला भीती नोकरीची नाही, तू नसताना घर कोलमडेल याची आहे. ते कोलमडत नाही हे आधी बघून घे, मग हजर हो. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी मुळीच नको. पतसंस्थेला लेखी कळव की वाढदिवसानंतरच्या महिन्याच्या एक तारखेपासून येते. सासूबाई दिवसभर सांभाळणार असतील तर मिस्टरांच्या शिफ्टनुसार कोणत्या वेळी कोण, हे आत्ताच तिघांनी बसून ठरवा. "बघू, होईल" म्हणून सोडलं की सगळं तुझ्याच अंगावर येतं, हे तुला सांगायला नको.

राहिला वाढदिवस. तीनशे माणसं या वयाच्या पोरीला सोसत नाहीत. अनोळखी चेहरा दिसला की रडायचं तिचं वय आहे. दुपारची झोप मोडणार, प्रत्येकजण कडेवर मागणार, कोणीतरी तोंडात शेंगदाणा किंवा लाडवाचा तुकडा कोंबणार. तेव्हा नको म्हणणं बरोबरच आहे. पण नको म्हणण्याआधी सासूबाईंकडं जरा बघ. तुला सातवा लागला असताना त्यांचा नवरा गेला. घरात नात आली आणि त्यांना मोठ्यानं हसताही आलं नाही. बारसं चार भिंतींत उरकलं. वर्षश्राद्ध होऊन फार दिवस झाले नसतील. त्यांच्यासाठी कार्यालय म्हणजे वर्षभरानं उघडलेलं दार आहे. तीनशे हा आकडा हौसेचा कमी आणि साचलेल्याचा जास्त, असं मला दिसतं. जसं तुझं वर्ष कोणी मोजलं नाही, तसं त्यांचंही नाही.

म्हणून असं करा. औक्षण घरी, सकाळी, लेक झोपून उठल्यावर, आणि पहिलं औक्षण सासूबाईंनी करायचं. त्या मागं सरतील. "मी कशाला, सवाष्ण बायकांना करू दे" म्हणतील. तेव्हा सगळ्यांदेखत ताट त्यांच्या हातात दे. आपल्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामपंचायतीत केला. एका गावाला जमलं ते शहापूरच्या एका घराला जमणार नाही होय? नणंदा-जावा कुजबुजल्या तर कुजबुजू देत. हे आधी मिस्टरांशी बोलून ठेव, म्हणजे त्या क्षणी "आई, तूच कर" असं त्यांनी म्हणायचं. सुनेनं म्हटलं तर चर्चा होते, मुलानं म्हटलं तर होत नाही. मला हे आवडत नाही, पण आपल्याकडं तसंच आहे.

जेवण दुपारी, जवळच्या पन्नास-साठ माणसांचं. छोटा हॉल मिळाला तर हॉलमध्ये, म्हणजे सासूबाईंची हौसही राहील. पंगतीला मांडे हवेत की कुंदा, हे त्यांनी ठरवायचं, तू त्यात पडू नको. यादी मात्र त्यांच्यासोबत बसून कर आणि प्रत्येक नावाला विचार, "यांना लेकीच्या लग्नाला बोलवायचं की आत्ता?" बरीच नावं लग्नाकडं सरकतील. मोठ्या कार्यालयाला आगाऊ पैसे दिले असतील तर आजच जाऊन बोल. छोट्या हॉलवर किंवा दुसऱ्या तारखेवर बदलून देतात का ते विचार, आणि बोलायला मिस्टरांना पाठव.